घरच्या गॅरेजमध्ये विमान तयार होते. पण ते उडते कुणाच्या सहीवर?

बेळगाव : इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका भारतीय अभियंत्याने टाळेबंदीच्या काळात घरी चार आसनी विमान बनवले आणि कुटुंबासह त्यातून युरोपची सैर केली, ही बातमी २०२२ मध्ये मोबाईलवरून घरोघर फिरली. ‘मोठा शोध लावला गड्याने’ असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात ते दक्षिण आफ्रिकेतील एका कंपनीचे ‘स्लिंग’ जातीचे किट होते. म्हणजे सुटे भाग कारखान्यातून आले आणि जोडणी घरी झाली.

दुसऱ्या बाजूला मोटारसायकलचे इंजिन, भंगारातला पत्रा आणि लाकडी पंखा जोडून शेतात ‘विमान’ पळवल्याचे व्हिडिओही अधूनमधून येत असतात. मोबाईलच्या पडद्यावर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. दोन्हीखाली कौतुकाचा पाऊस पडतो. पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो हुशारीचा किंवा पैशाचा नाही. एकामागे तपासणीची साखळी असते, दुसऱ्यामागे ती नसते. ही साखळी काय असते, ती कुठे तुटली की जीव जातो आणि आपल्याकडे कुणाला असे विमान बनवायचे झाले तर घोडे कुठे अडते, ते समजून घेण्यासारखे आहे.

किट म्हणजे काय विकत मिळते?

घरी बनणाऱ्या विमानांचे सर्वांत मोठे घर अमेरिका. तिथे ऑरेगन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट ही या धंद्यातली सर्वांत नावाजलेली कंपनी. रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन या अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सुरू केली. ‘आरव्ही’ या नावाच्या तिच्या आराखड्यांवर लोकांनी बांधून उडवलेली विमाने आज ११ हजारांहून अधिक आहेत, असे कंपनी सांगते. त्यातले आरव्ही-१२ हे दोन आसनी विमान नवशिक्यांसाठी सोपे मानले जाते.

किट म्हणजे लाकडी खोक्यांतून येणारे ॲल्युमिनियमचे पत्रे, पट्ट्या, नळ्या, बोल्ट आणि जाडजूड पुस्तिका. पत्रे कापलेले असतात, वाकवलेले असतात आणि त्यांना मशीनवर भोके पाडलेली असतात. एका भागाचे भोक दुसऱ्या भागाच्या भोकावर नेमके बसले की भाग सरळ जुळला असे समजायचे. पूर्वी बांधणाऱ्याला मोठमोठे साचे उभे करून सरळपणा साधावा लागे, ती खटपट यामुळे वाचली.

पण पैसे पत्र्याचे नसतात, आजमावलेल्या आराखड्याचे असतात. पंख केवढा, कुठे बसवायचा, कोणता पत्रा किती जाड, हे आधी कुणीतरी हिशेब करून, भार टाकून, उडवून पाहिलेले असते. आराखडाच चुकला तर काय होते, याचा धडा युरोपला १९३० च्या दशकात मिळाला. ऑन्री मिन्ये या फ्रेंच गृहस्थाने १९३३ मध्ये ‘आकाशातील ऊ’ अशा अर्थाच्या नावाचे एक चिमुकले विमान बनवले आणि ते घरी कसे बांधावे याचे पुस्तकही काढले. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये लोक अक्षरशः वेडे झाले. सुतारकाम येणारा जो तो विमान बांधू लागला. मग अपघात होऊ लागले. १९३६ मध्ये वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या घेतल्या तेव्हा दोष सापडला. विमान एका ठरावीक कोनापेक्षा जास्त खाली झुकले की पुढच्या-मागच्या पंखांवरून वाहणारी हवा एकमेकींत अशी गुंतायची की, वैमानिकाने दांडा कितीही ओढला तरी नाक वर यायचे नाही. बांधणाऱ्यांचे काम चोख होते, तरी ते मेले.

म्हणून किट घेणारा पहिल्यांदा जे विकत घेतो ते म्हणजे आधीच्या हजारो उड्डाणांचा अनुभव.

आधी शेपूट, मग पंख

खोकी आली की पहिले काम मोजदादीचे. यादी समोर ठेवून एकेक भाग मोजायचा. किराणा दुकानदार माल उतरवून घेताना जसे बिल आणि पोती ताडून पाहतो तसेच. कमी-जास्त असेल तर ठरलेल्या मुदतीत कळवावे लागते.

त्यानंतर बहुतेक जण शेपटीपासून सुरुवात करतात. त्यामागे व्यवहार आहे. किट टप्प्याटप्प्याने विकत घेता येते आणि शेपटीचा टप्पा सर्वांत स्वस्त असतो. भाग लहान असतात, चुकले तर नवे मागवता येतात. पत्रा कापणे, भोक साफ करणे, रिव्हेट मारणे ही सगळी कामे त्यात शिकून होतात. आपल्याला हे झेपणार की नाही हे तिथेच कळते. अनेकांचा उत्साह शेपटीवरच संपतो आणि तेव्हा निदान मोठी रक्कम तरी अडकत नाही.

मग पंख, मग मधला सांगाडा, शेवटी इंजिन आणि उपकरणे. संपूर्ण धातूच्या दोन आसनी विमानात दहा-बारा हजार रिव्हेट सहज असतात. वर्कशॉपमध्ये ज्याला रिपिट म्हणतात तेच हे. आरव्ही-१२ मध्ये बहुतेक रिव्हेट एका बाजूने ओढून बसवायचे असतात, ते एकट्याला जमते. मोठ्या विमानांत मात्र एकाने बाहेरून हवेच्या हातोड्याने ठोकायचे आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा धरायचा, अशी दोघांची जोडी लागते. घरात नवरा-बायको, बाप-लेक अशा जोड्यांनी हे काम झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

वेळ किती लागतो? सोप्या विमानाला आठशे-हजार तास, मोठ्याला दीड-दोन हजार तास. रोज संध्याकाळी दोन तास आणि रविवारी सहा तास दिले तर आठवड्याचे अठरा तास होतात. या गतीने हजार तासांना एक वर्ष लागते आणि दोन हजारांना दोन वर्षे. घरातले लग्न, आजारपण, नोकरीतली बदली यांचे हिशेब यात धरलेले नाहीत. कित्येक विमाने पाच-दहा वर्षे गॅरेजमध्येच असतात ती यामुळे.

एका भोकाची गोष्ट

उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. पत्र्याला भोक पाडले की कडेला बारीक धारदार काटा राहतो. त्याला ‘बर’ म्हणतात. फॅब्रिकेशनच्या कामात तो राहिला तर फार तर हाताला लागेल. विमानात तो काढलाच पाहिजे, तोही प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंनी.

कारण विमानाचा पत्रा सतत ताणला जातो आणि सैल होतो. उड्डाण घेताना, वाऱ्याच्या धक्क्यात, उतरताना. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा प्रकार, फक्त फार सावकाश चालणारा. तडा सुरू व्हायला काहीतरी निमित्त लागते आणि भोकाच्या कडेचा ओरखडा हे त्याचे आवडते निमित्त. १९५४ मध्ये ब्रिटनची दोन ‘कॉमेट’ जेट प्रवासी विमाने हवेतच फुटली. चौकशीत एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुन्हा पुन्हा दाब देण्यात आला, तेव्हा पत्र्याचा थकवा आणि खाचांच्या कोपऱ्यांतले तडे हे कारण समोर आले. मोठ्या कारखान्यात, मोठ्या अभियंत्यांच्या नजरेखाली बनलेली विमाने होती ती.

अगदी अलीकडचे उदाहरण व्हॅन्स कंपनीचेच. मागणी वाढली म्हणून काही भागांची भोके नेहमीच्या मशीनऐवजी लेझरने पाडून घेण्यात आली. रिव्हेटचे डोके पत्र्यात बसावे म्हणून भोकाला खळगा द्यावा लागतो. तो देताना कडेला केसासारखे तडे दिसू लागले. ते गॅरेजमध्ये काम करणाऱ्या ग्राहकांच्याही नजरेस पडले. कंपनीने चाचण्या घेतल्या, भाग बदलून द्यायचे ठरवले. या आणि इतर तोट्यांचा भार इतका झाला की डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागावे लागले. ऑर्डर देऊन बसलेल्यांना वाढीव दर मान्य करावे लागले. २०२४ मध्ये कंपनी त्यातून बाहेर पडली आणि किट पुन्हा जाऊ लागली.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. नावाजलेल्या कंपनीचा भागही डोळे झाकून बसवायचा नसतो. आणि आगाऊ रक्कम भरताना कंपनी अडचणीत आली तर आपले काय, हा प्रश्न लाज न बाळगता विचारायचा असतो.

५१ टक्क्यांचा नियम

अमेरिकेत अशा विमानाला ‘प्रायोगिक’ या वर्गात परवाना मिळतो. अट अशी की, विमानाच्या कामाचा मोठा भाग हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेला असावा. यालाच बोलीभाषेत ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. कारखान्याने निम्म्याहून अधिक काम करून दिले तर ते घरगुती विमान राहत नाही. मग त्याला कारखान्याच्या विमानाचे सगळे महागडे नियम लागू होतात.

हे काम आपणच केले याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून बांधणारा वही ठेवतो. तारीख, किती तास, कोणता भाग, पुस्तिकेतले पान कोणते. सोबत फोटो, तेही आपण काम करताना दिसू असे. ज्याला दुकानाच्या वह्या ऑडिटरसमोर ठेवायची सवय आहे, त्याला हे नवे वाटणार नाही. पावती नाही तर खर्च नाही, तसे नोंद नाही तर काम नाही.

वहीचा खरा उपयोग मात्र परवान्यापेक्षा मोठा आहे. पंखाचा शेवटचा पत्रा बसला की आतले काही दिसत नाही. म्हणून तो बंद करण्याआधी दुसऱ्या जाणत्या माणसाने आत बघायचे असते. अमेरिकेत १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी सुरू केलेली ईएए ही हौशी विमानकर्त्यांची संघटना यासाठी अनुभवी स्वयंसेवक पाठवते. ते फुकट येतात, चुका दाखवतात आणि जातात. विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे दर जुलैमध्ये भरणारी या संघटनेची जत्रा जगप्रसिद्ध आहे. ब्रिटनमध्ये नियम आणखी घट्ट आहे. तिथे लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचा निरीक्षक टप्प्याटप्प्यावर पाहून सही करतो. सही नाही तर पुढचा पत्रा बंद करायचा नाही.

परवाना मिळाल्यावरही बंधने राहतात. अमेरिकेत विमानात शिरताना दिसेल अशी ‘एक्सपेरिमेंटल’ ही दोन इंच उंचीची अक्षरे लावावी लागतात. हे विमान सर्वसाधारण विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही, अशी सूचना सोबत बसणाऱ्याला वाचता येईल अशी लावावी लागते. भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत.

तागडीवरचे विमान

विमान तयार झाले की ते तीन चाकांखाली तीन काटे ठेवून तोलले जाते. इथे बांधणाऱ्याची हौस आणि शाळेतले गणित समोरासमोर येतात.

आरव्ही-१२ चे उदाहरण घेऊ. रिकामे विमान साधारण ३४० किलो. सगळे धरून कमाल वजन ६०० किलो. म्हणजे हातात उरले २६० किलो. टाकी भरली की सुमारे ७५ लिटर पेट्रोल, त्याचे ५४ किलो. उरले २०६. दोन माणसे ८० किलोंची धरली तर १६० गेले. उरले ४६ किलो. पण सामानाच्या जागेची मर्यादा २३ किलोच आहे, त्यामुळे तेवढेच ठेवायचे. आता कुणी चामड्याची भारी आसने, जास्तीचे पडदे आणि रंगाचे दोन हात जास्त दिले आणि विमान २५ किलोंनी जड झाले, तर ते २५ किलो दर उड्डाणाला कापले जातात. एकदा वजन वाढले की दरवेळी कुणाला तरी खाली ठेवून जावे लागते.

वजन किती याइतकेच ते कुठे, हेही महत्त्वाचे. प्रत्येक वस्तूचे वजन गुणिले एका ठरावीक बिंदूपासूनचे तिचे अंतर, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. जे उत्तर येते तो विमानाचा तोल. तो आराखड्यात दिलेल्या दोन रेषांच्या आत पाहिजे. तोल फार मागे गेला तर नाक वर जाते आणि खाली आणता येत नाही. हा हिशेब कागदावर चुकला तर जमिनीवर काहीच कळत नाही, हवेत गेल्यावर कळते.

पहिले २५ किंवा ४० तास

पहिल्या उड्डाणाआधी जमिनीवरच्या चाचण्या असतात. त्यातली एक ऐकायला साधी आहे. नाक चढणीच्या कोनात वर करायचे, इंधनाची नळी सोडवायची आणि पेट्रोल भांड्यात घेऊन वेळ मोजायचा. इंजिनाला पूर्ण जोरात जेवढे इंधन लागते त्याच्या सव्वापट, पंप असेल तर, आले पाहिजे. पंपाशिवाय वरून खाली वाहणारी व्यवस्था असेल तर दीडपट. आरव्ही-१२ मधील ऑस्ट्रियन बनावटीचे १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स इंजिन उड्डाण घेताना तासाला सुमारे २७ लिटर पिते. म्हणजे नळीतून ३४ लिटरच्या वेगाने पेट्रोल यायला हवे. नळीला एक वाकडे वळण असेल, पत्र्याचा कीस अडकला असेल, तर तो इथेच पकडला जातो.

मग चाचणीची उड्डाणे. विमानाला मान्यताप्राप्त इंजिन आणि पंखा असेल तर २५ तास, नसेल तर ४० तास, वस्तीपासून दूर ठरवून दिलेल्या हद्दीतच उडायचे, ही अमेरिकेतली जुनी पद्धत. आता ठरलेल्या चाचण्यांची यादी पूर्ण करण्याचा पर्यायही आहे. या काळात हौशे-नवशे सोबत घ्यायचे नाहीत. २०१४ पासून मात्र एका अनुभवी वैमानिकाला शेजारी बसवण्याची सोय झाली. कारण अभ्यासात दिसले होते की, विमान नवे, वैमानिकही त्या विमानाला नवा, आणि अशा वेळी एकटा माणूस गडबडतो.

तो अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी देशात अशी सुमारे ३३ हजार घरगुती विमाने होती. खासगी व लहान विमानांत त्यांचा वाटा १० टक्के, पण २०११ मधील अपघातांत १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. कारणे दोन ठळक होती, इंजिन बंद पडणे आणि हवेत ताबा सुटणे. पंख तुटून पडणे हे कारण नव्हते. रिव्हेट बहुतेकांनी नीट मारले होते. घात झाला तो इंधनाच्या जोडणीत आणि चालवणाऱ्याच्या तयारीत.

एक बदललेली तोटी

हे किती बारीक असते ते एका अपघाताने जगाला दाखवले. प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात विमान कोसळून गेले. विमान होते ‘लाँग-ईझी’. बर्ट रुटान या नामवंत आराखडाकाराचे, फोम आणि फायबर ग्लासचे. डेन्व्हर यांनी ते स्वतः बांधले नव्हते, दुसऱ्याने बांधलेले जुने विमान नुकतेच घेतले होते. ते अनुभवी वैमानिक होते.

मूळ आराखड्यात डाव्या-उजव्या टाकीतले इंधन बदलण्याची तोटी वैमानिकाच्या हाताशी, पायांच्या मध्ये होती. बांधणाऱ्याने ती हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली. हेतू चांगला होता, इंधनाची नळी बसण्याच्या जागेत नको म्हणून. पण उडताना ती फिरवायची तर मान आणि अंग मागे वळवावे लागे. तोटीवर खुणा नव्हत्या. इंधन किती उरले ते दाखवणाऱ्या काचेवरही खुणा नव्हत्या. त्या दिवशी टाकीत पेट्रोल बेताचेच होते. चौकशीचा निष्कर्ष असा की, तोटी फिरवण्याच्या खटपटीत लक्ष गेले, नकळत उजवा पाय दाबला गेला आणि विमान ताब्याबाहेर गेले. तयारीतली कसूर आणि त्या विमानाचा अपुरा सराव हेही त्यात नमूद झाले.

तोटी ज्याने हलवली त्याने ते विमान सुखरूप चालवले, कारण त्याला तिची सवय होती. घरी बनवलेल्या विमानात केलेला छोटासा बदल असा पुढच्या माणसासाठी वाट पाहत बसतो. म्हणूनच आराखड्यात बदल करायचा तर आधी आराखडा करणाऱ्याला विचारायचे आणि वहीत लिहायचे, ही जाणत्यांची शिस्त आहे.

भारतात घोडे कुठे अडते?

हाताला काम येणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. बेळगाव जिल्ह्यातच हत्तरगी येथील एरोस्पेस एसईझेडमध्ये मोठ्या प्रवासी विमानांचे सुटे भाग तयार होतात. बेंगळुरूमध्ये तर चक्क किट बनले आहे. राज हंस या कंपनीची ‘एक्स-एअर’ नावाची नळ्या आणि कापडाची हलकी विमाने किटच्या रूपात परदेशी गेली आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी ती आपल्या गॅरेजमध्ये जोडली. म्हणजे कर्नाटकात बनलेले विमान इंग्लंडमधल्या शिक्षकाने, प्लंबरने जोडून उडवावे हे घडले. इथल्या घरी मात्र तसे क्वचितच घडते.

अडते ते कागदावर. विमान घरी बनवले म्हणून नोंदणीतून सूट नाही. डीजीसीएकडून ‘व्हीटी’ने सुरू होणारे नोंदणी चिन्ह आणि उडवण्याची परवानगी लागतेच, वैमानिकाचा परवाना वेगळा. मराठी माणसाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते किट नव्हते, आराखडाही त्यांचाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिले. त्यासाठी ते गच्चीवरून खाली उतरवावे लागले होते. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उडवण्याची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचण्या झाल्या. विमान लोकांना दाखवल्यापासून परवानगीपर्यंतच साडेतीन वर्षे गेली, तीही एका अनुभवी वैमानिकाची.

यावर ‘सरकारी खाते आडकाठी घालते’ असे म्हणणे सोपे आहे. ते काही अंशी खरेही असेल. पण वर पाहिलेली साखळी आठवली तर दुसरी बाजूही दिसते. अमेरिका-ब्रिटनमध्ये सही देणाऱ्याच्या मागे हजारो बांधणाऱ्यांचा अनुभव, फुकट तपासायला येणारे जाणते लोक आणि संघटना उभी आहे. आपल्याकडे ती मधली फळीच पातळ आहे. एकीकडे एकटा बांधणारा आणि दुसरीकडे थेट दिल्लीचे खाते. मध्ये कुणी नाही. मग खाते सही द्यायला कचरते आणि बांधणारा थकतो.

इंधनाचीही एक अडचण आहे. रोटॅक्स इंजिन पंपावरच्या पेट्रोलवर चालते असे सांगितले जाते. परदेशात ते खरे आहे. पण कंपनीच्या सूचनेनुसार या इंजिनाला इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालते, आणि १०० अश्वशक्तीच्या इंजिनाला ९५ ऑक्टेनचे पेट्रोल लागते. आपल्या पंपांवर आता सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ऊस पट्ट्याला इथेनॉलचा कितीही अभिमान असला तरी या इंजिनाला ते मानवत नाही.

पैसे पाठवण्यापूर्वी

खर्चाचा अंदाज असा. किट, इंजिन, उपकरणे मिळून लहान दोन आसनी विमानही एक लाख डॉलरच्या पुढे जाते, म्हणजे ८५ लाखांच्या वर. कारखान्यात बनलेले नवे चार आसनी सेसना १७२ चार लाख डॉलरच्या पुढे आहे. त्या मानाने हे स्वस्त. पण यात बांधणाऱ्याच्या हजार-दोन हजार तासांची मजुरी धरलेली नाही. वाहतूक, आयात शुल्क, जागा आणि विमा वेगळे.

तेव्हा हौस असेल तर परदेशी कंपनीला आगाऊ रक्कम पाठवण्याआधी काही प्रश्नांची उत्तरे कागदावर असावीत.

हा आराखडा किती लोकांनी बांधून उडवला आहे? हे विमान भारतात कोणत्या वर्गात नोंदवता येईल, याचे डीजीसीएकडून लेखी उत्तर आहे का? पत्रा बंद करण्याआधी आत बघून सही करणारा परवानाधारक विमान देखभाल अभियंता कोण, आणि तो किती वेळा येईल? विमान उडणार कोणत्या धावपट्टीवरून? इंधन कुठून आणायचे? कंपनी बुडाली तर भरलेल्या रकमेचे काय?

यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर बाकीच्यांना अर्थ नाही. तेवढ्यात सुरुवात करायचीच असेल तर ती स्वस्तात करता येते. परदेशी कंपन्या पत्राकाम आणि रिव्हेट शिकण्यासाठी सरावाची छोटी किट विकतात. त्यात एखादी पेटी किंवा पंखाचा लहानसा तुकडा बनवायचा असतो. तो बनवून एखाद्या जाणत्या विमान मेकॅनिकला दाखवावा. त्याने दहा चुका काढल्या आणि त्या ऐकून घेऊन तोच तुकडा पुन्हा बनवण्याची तयारी असेल, तर तो माणूस विमान बांधू शकतो. चुका काढलेल्या ज्याला खपत नाहीत त्याने मात्र या भानगडीत पडू नये, हात कितीही कसबी असला तरी.